खिडकीपाशी थांबलेली खोली

अन्याय झाला तो मंगलवर. सहा वर्षांपूर्वी, संक्रांत होऊन गेल्यावरच्या पहिल्या सोमवारी, सकाळचं काम संपायच्या सुमाराला. आमच्या सगळ्या बॅचवरच झाला म्हणा, पण मी आधी मंगलचं नाव लिहिते. कारण आमच्यात नाव न लिहायची पद्धत होती, आणि त्या पद्धतीनंच आमचा घात केला.

आणि तिच्या धाकट्या बहिणीवर झाला, सुमनवर. ती तर त्या दिवशी तिथं नव्हतीसुद्धा.

मला पत्रकं लिहायची सवय आहे. एका पानात मावेल इतकं लिहायचं, वर निषेध, खाली मागण्या. ह्या प्रकरणावर मी पुष्कळ पत्रकं लिहिली, सोलापूरच्या सात रस्ता चौकात वाटली, एसटी स्टँडवर वाटली, आणि संध्याकाळी त्याच कागदांत शेंगदाणे बांधून दिलेले पाहिले. कोण विश्वस्त, कसला ठराव, जमिनीवर कुणाचा डोळा, ते सगळं त्या पत्रकांत आहे. ज्यांनी शेंगदाणे खाल्ले त्यांनी वाचलंही असेल. इथं ते पुन्हा लिहीत नाही. इथं मी लिहिणार आहे ते पत्रकात कधी बसलं नाही. मुरलेल्या चिखलाचा वास मागण्यांच्या यादीत कितव्या नंबरावर घालायचा?

झालं असं की आमच्या गल्लीतल्या एका लग्नाची पत्रिका आली. स्थळ वाचलं. मंगळवेढा रस्ता, अमुक लॉन्स. आई म्हणाली, जाऊ नकोस, तुला त्रास होईल. मी म्हटलं, त्रास व्हावा म्हणूनच जाते.

मंगळवेढा रस्त्याला शहर संपतं, मोटार गॅरेजं संपतात, वजनकाटे संपतात आणि ज्वारी लागते, तिथं आमचं कॉलेज होतं. कॉलेज म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं जे येतं ते तिथं काहीच नव्हतं. कमान नव्हती, पार्किंग नव्हतं, नावाचा बोर्ड नव्हता. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटायचं, कुणाची तरी वस्ती असेल. लिंबाची झाडं आणि त्यांच्यामधून दिसणाऱ्या मातीच्या खोल्या, प्रत्येकीचा रंग थोडा वेगळा, कारण प्रत्येक वर्षी पांढरी माती वेगळ्या ठिकाणाहून आणलेली. आता तिथं प्लास्टिकच्या फुलांची कमान आहे. खोल्यांना गुलाबी रंग दिलाय. एकीवर ‘वधूपक्ष’ लिहिलंय, एकीवर ‘वरपक्ष’, एकीवर ‘स्टोअर’.

बघा, नावं लिहायला ह्यांना एक दिवस लागला नाही.

आमचा दिवस उलटा होता. इतर कॉलेजांत गार वेळेला तास आणि मग उन्हात पोरं मोकळी. आमच्याकडं गार वेळेला काम, आणि ऊन तापलं की पुस्तक. सोलापूरचं ऊन कळलेल्या माणसानंच ही वेळ ठरवली असणार. उजाडायच्या सुमाराला कुणीतरी खोऱ्याच्या पात्यावर दगड मारायचं, टण् टण्, तीच आमची घंटा. होले घुमत असायचे. चुलीवर कुठंतरी लिंबाची काटकी धुमसत असायची. आम्ही सलवारी गुडघ्यापर्यंत खोचून गाऱ्यात उतरायचो.

गारा म्हणजे भिंतीचा चिखल. पांढरी माती, ज्वारीचं भुसकट, शेण, पाणी, आणि मग तो नुसता ठेवून द्यायचा. मुरू द्यायचा. त्याला एक आंबूस वास यायला लागतो. ताकाच्या जवळचा, गोठ्याच्या जवळचा, पावसाळी घोंगड्याच्या जवळचा, पण ह्यातला कुठलाच नाही. पहिल्या दिवशी मला ओकारी आली. शेवटी शेवटी त्या वासाशिवाय मला सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही. थंडीत त्यात पाय घातला की वरचा थर बर्फासारखा आणि आतला कोमट. त्या कोमटपणाला माझ्याकडं शब्द नाही. आतापर्यंत कुठं मिळालेला नाही तो.

मंगल त्यात नाचायची. तुडवणं म्हणजे तिचं राज्य. ती मंगळवेढ्याच्या अलीकडच्या एका वस्तीवरची, घरी मेंढरं, वर्षातले निम्मे महिने आईबाप मेंढरांमागं. अंगाला कायम लोकरीचा वास, खांद्यावर बापाचं काळं घोंगडं. आम्ही शहरातल्या पोरी नाजूक पाय टाकायचो तर म्हणायची, “अगं तुडीव की. मेंदी लावलीया का पायाला?”

सगळ्यात वाईट हाल श्रीनिवासचे. तो शहरातल्या विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू, बोटं इतकी मऊ की पहिल्याच आठवड्यात खोऱ्याचे फोड आले. पण दगड उचलायला सगळे एकत्र लागले की आवाज त्याचाच लागायचा. ओकटी, रेंडू, मूडू, एक दोन तीन, आणि मूडूला सगळ्यांनी उचलायचं. मराठी पोरं, कानडी पोरं, सगळी तेलुगूत उचलायची. मंगलचे बाबा एकदा भेटायला आले, त्यांनी बराच वेळ ते बघितलं आणि तिला विचारलं, ह्ये कंच्या देवाचं नाव घेता गं. तेव्हापासून आम्ही श्रीनिवासला मूडू महाराज म्हणायचो. तो म्हणायचा, हसा राव, नवसाला पावतोय मी, दगड उचलला गेला की नाही?

अण्णा सकाळी फक्त बघत फिरायचे. कॉलेज त्यांनीच सुरू केलेलं. अक्कलकोटकडच्या व्यापारी घरातला माणूस, मराठी बोलताना वाक्याच्या शेवटी कानडी हेल. प्रत्येक मुलीला यव्वा म्हणायचे, कानडीत आईला हाक मारतात तसं, आणि मुलांना काहीच म्हणायचे नाहीत, फक्त हातानं खुणवायचे. ते एकदा आमच्या भिंतीपाशी थांबले. मंगल आणि मी ती पूर्वेची भिंत रचत होतो. गप्पांच्या नादात ओळंबा लावायचाच राहिला होता, आणि भिंतीला मधेच पोट आलं होतं. अण्णांनी त्या पोटावरून हात फिरवला, डॉक्टर फिरवतात तसा.

“यव्वा, हिला दिवस गेलेत की,” म्हणाले. मग जराशानं, “पाडा.”

पाडलं. रडत पाडलं. पण मातीचं एक बरं असतं, पाडलेलं सगळं पुन्हा भिजत घालता येतं. त्याच विटा, तोच गारा, पुन्हा तुडवायचा. वाया गेलं ते फक्त आमचं सकाळचं हसणं, आणि तेही वाया गेलं नाही, कारण पुढं शेवटपर्यंत कुणाचं काही चुकलं की सगळे म्हणायचे, दिवस गेले वाटतं.

मग ऊन. ऊन चढलं की भाकरी. कडक भाकरी, वर तेल सोडलेली शेंगाची चटणी, कांदा बुक्कीनं फोडलेला. आणि मग खोलीत. बाहेर डांबर वितळतंय आणि आत शहाबादी फरशीवर पालथं पडून आम्ही इतिहास वाचतोय. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मधेच कुणीतरी घोरायचं. जाड भिंतीत गारवा साठून राहिलेला. पुस्तकाच्या पानांवर अंगठ्याएवढे मातीचे डाग. परीक्षा आम्ही बाहेरून द्यायचो, दुसऱ्यांच्या बाकांवर, आणि तिथल्या पोरी आमच्या नखांकडं बघायच्या. बघू द्या.

आता ती पद्धत सांगते. तीच सगळ्याचं मूळ आहे.

प्रत्येक बॅचनं तीन वर्षांत एक खोली बांधायची. पहिल्या वर्षी पाया आणि जोतं, दुसऱ्या वर्षी भिंती, तिसऱ्या वर्षी छप्पर आणि गिलावा. पण त्या खोलीत त्या बॅचनं बसायचं नाही. कधीच नाही. आपण बसायचं ते आपल्या आधीच्यांनी बांधलेल्या खोलीत, आणि आपली खोली असायची अजून न आलेल्या पोरांसाठी. भिंतीवर कुणी नाव लिहायचं नाही. कोनशिला नाही, ओल्या विटेवर आद्याक्षर नाही, काही नाही. एका मुलानं एकदा कोपऱ्यात बदाम काढून दोन अक्षरं लिहिली, तर अण्णांनी ती वीट काढायला लावली. ते म्हणायचे, नाव लिवलं की भिंत त्याची होती, आन् आत बसणारा पाव्हणा होतो.

खोली पुरी झाली की बाभळीचा उंबरा बसवायचा. तो सगळ्यात शेवटी. त्या दिवशी नवी पोरं खोलीच्या आत उभी राहायची आणि बांधणारे बाहेर, ओळीनं, हात धुऊन. उंबरा ओलांडायचा नाही. मग आतून नवी पोरं विचारायची, “खोली कुनी बांदली?”

बाहेरचे सगळे एका आवाजात म्हणायचे, “ठाव न्हाय.”

“मग बसू का?”

“बसा की.”

आणि बाहेरचे उंबऱ्यावरून आत भाकरी द्यायचे. झालं. एवढाच समारंभ. भाषण नाही, नारळ नाही. आम्ही पहिल्या वर्षी आत उभे होतो तेव्हा बाहेरच्या ओळीतल्या एका ताईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत ‘ठाव न्हाय’ म्हणत होती. तिची नखं मातीनं भरलेली. सगळ्यांनाच ठाऊक होतं कुणी बांधली ते. म्हणूनच ते म्हणण्यात मजा होती. आम्ही तर पुढं रोजच्या बोलण्यात ते घेतलं. डाळ कुणी करपवली? ठाव न्हाय. माझी चप्पल कुणी नेली? ठाव न्हाय. कुठूनही ‘कुनी’ ऐकू आलं की दहा तोंडांतून तेच उत्तर.

मंगलला मात्र ठाऊक होतं की आपली खोली कुणासाठी आहे. सुमन बारावीला होती. येत्या जूनला ती येणार, ती आत उभी राहणार, मंगल बाहेर. पुढं आमचं छप्पर होईल तेव्हा सुमनची बॅच आमच्या खोलीत बसणार. घरात आधी कुणी एवढं शिकलेलं नाही, आणि दोघींनी शिकायचं तर मेंढरांमागं कोण, हा प्रश्न घरी पेटलेला. मंगलनं बापाला पटवलं होतं. कसं पटवलं ते ती सांगायची नाही. एवढंच म्हणायची, “सुमीला सांगितलंय, तुजी खोली म्या बांदतीया. आता न्हाय म्हन म्हनावं.”

खिडकी कुठल्या बाजूला घ्यायची ह्यावर तिचं आणि श्रीनिवासचं भांडण झालं. तो म्हणाला पश्चिमेला नको, ऊन येईल. ती म्हणाली, पश्चिमेला ज्वारीचं रान दिसतंय, आणि सुमीला बंद जागेत बसवत नाही, तिला लांबचं बघायला लागतंय. मेंढरांमागं हिंडलेल्या पोरीला भिंतीकडं तोंड करून बसवाल तर ती चार दिवसांत पळून जाईल. श्रीनिवास म्हणाला, अगं पण बाकीच्यांनी तुझ्या बहिणीपायी भाजायचं का? तर म्हणाली, भाजू दे की, पोळ्या हायत का तुमी?

खिडकी पश्चिमेलाच घेतली. त्या संक्रांतीला भिंत खिडकीच्या उंचीला आली होती. थर ओला होता. कोरड्या वाऱ्यानं ओल्या थराला भेगा पडतात, म्हणून मंगलनं बापाचं घोंगडं भिजवून त्यावर पांघरलं होतं. लांबून बघितलं तर वाटायचं, कुणीतरी घोंगडं पांघरून ओणवं झोपलंय. रानात हुरडा आला होता. वाऱ्यावर भाजक्या कणसांचा वास यायचा. ते सगळं मी इतकं बारीक लिहितेय, कारण त्यानंतर लिहायला काही नाही.

सोमवारी सकाळी अण्णांना शहरात बोलावून घेतलं होतं, बैठक आहे म्हणून. आमचं काम आटपत आलं होतं. तेवढ्यात गाड्या आल्या. संस्थेचे एक विश्वस्त होते, पांढऱ्या कपड्यांतले, पंधरा ऑगस्टला झेंड्याला यायचे आणि आम्हाला चॉकलेटं वाटायचे. बरोबर चार रखवालदार, नवे. विश्वस्त फाटकाशी थांबले आणि हसून म्हणाले, जरा सगळे बाहेर या, बोलायचं आहे.

आम्ही गेलो.

नीट वाचा. आम्हाला कुणी ढकललं नाही. लाठी नाही, शिवी नाही. आम्ही खोरी धुऊन, पालथी घालून ठेवली. घमेली एकात एक रचली. कुणीतरी तर झाडलोटही केली. साहेब बोलणार आहेत म्हणून हात धुतले, आणि फाटकाबाहेर जाऊन ओळीनं उभे राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं ओळ करा म्हणून. आम्हाला बाहेर उभं राहायचं वळणच होतं. चांगलं काम संपलं की माणसानं बाहेर जाऊन उभं राहायचं, हे आम्हाला तिथंच शिकवलेलं.

विश्वस्त आत उभे. आम्ही बाहेर. त्यांनी मागं वळून खोल्यांकडं बघितलं आणि म्हणाले, “हे एवढं सगळं, बिनपरवान्याचं, कुणी बांधलं?”

आणि ओळीतून आवाज आला, “ठाव न्हाय.”

पहिला आवाज कुणाचा होता ते आजपर्यंत ठरलेलं नाही. माझा असेल. श्रीनिवास म्हणतो त्याचा होता. बहुतेक सगळ्यांचाच होता, दहा तोंडांतून एकदम, सवयीनं, आणि शेवटच्या अक्षराशी काहीजण हसलेसुद्धा. मग हसू थांबलं.

“मग झालं तर,” विश्वस्त म्हणाले. फाटक ओढलं. कुलूप लागलं.

आम्ही उभेच होतो. खरं सांगते, आमच्यातल्या कितीकांना वाटलं असेल की आता कुणीतरी भाकरी देईल. एवढं कसं कळलं नाही, असं लोक मला विचारतात. पत्रक वाटताना विचारतात, अगं शिकलेली पोरं तुम्ही. त्यांना मी काय सांगू? तुमच्यावर अन्याय होतो तेव्हा तो तुमच्या वाईट सवयीतून आत येतो असं तुम्हाला वाटतं. आमच्याकडं तो आमच्या सगळ्यात सुंदर सवयीतून आला.

बोलली ती फक्त मंगल. फाटकाच्या गजाला धरून म्हणाली, “सायेब, भित वली हाय. घोंगडं सांजच्याला परत भिजवायला लागतंय. न्हायतर भेगा पडत्यात.”

“भिजवतील,” ते म्हणाले, आणि गाडीत बसले.

आमच्या पिशव्या दुपारी फाटकावरून बाहेर आल्या. अण्णा एसटीनं परत आले ते आम्हाला रस्त्यावर लिंबाखाली बसलेलं बघायला. त्यांनी काय झालं विचारलं. श्रीनिवासनं सांगितलं, शब्द न शब्द. ‘ठाव न्हाय’पाशी आल्यावर अण्णा खाली बसले, मातीतच. म्हणाले, “म्या शिकिवलेलं.” आता ते लेकीकडं असतात, पुण्यात, कुठल्यातरी चौथ्या मजल्यावर. लेक सांगते, बाहेरून फिरून आले की दार उघडं असलं तरी उंबऱ्याबाहेर थांबतात. कुणीतरी आत या म्हणेपर्यंत थांबतात.

श्रीनिवास टॉवेलच्या कारखान्यात लागला. मी शहरातल्या कॉलेजात नाव घातलं, पदवी झाली, ती पेटीत आहे. मोर्चे काढले. निवेदनं दिली. साहेब लोक पाणी द्यायचे, बसायला खुर्ची द्यायचे आणि विचारायचे, तुम्हीच बांधल्याचा पुरावा काय? विटेवर नाव नाही. कोनशिला नाही. एखादा फोटो? आमच्याकडं होती ती नखांतली माती, आणि ती कधीच धुऊन गेलेली.

असो. लग्न.

अक्षता पडल्या. मी जेवले नाही. जेवणाच्या मांडवामागं गेले, कारण आमची खोली तिथं होती. मला वाटलं होतं ती विरघळली असेल. छप्पर नसलेली मातीची भिंत दोन पावसांत मातीला मिळते, हे आम्हाला शिकवलेलं होतं. तेच व्हावं असं वाटत होतं. निदान तिचा शेवट तरी आमच्या माहितीतला असता.

भिंत होती. खिडकीच्या उंचीला, आम्ही सोडली तिथंच. तिच्यावर सलग कडाप्पा टाकला होता, काळा, गुळगुळीत, पाऊस आत जाऊ न देणारा. आणि कडाप्प्यावर उष्ट्या ताटांचे ढीग. पलीकडं, खोलीच्या आत, जिथं सुमनची बॅच बसणार होती तिथं, मोठे टब, नळ, साबणाच्या पाण्याचा चिखल आणि एकसारख्या जांभळ्या साड्या नेसलेल्या बायका. केटरिंगवाला टेम्पोत भरून आणतो त्या. वास मठ्ठ्याचा, जिलबीच्या पाकाचा, ओल्या राखेचा. त्यांतल्या एकीनं ताट निपटताना वर बघितलं आणि हसली. मंगलचंच हसू, एका बाजूला जरा जास्त ओढलेलं.

मी सुमनला आधी एकदाच पाहिलं होतं, वस्तीवर. तिनं मला लगेच ओळखलं. म्हणाली, “अक्का, जेवलासा का?”

मी म्हटलं, तू इथं कशी? ती म्हणाली, सीझनला येते की, आमच्या वस्तीवरच्या चौघी येतात, टेम्पो घरापर्यंत सोडतो. मेंढरं विकली, बाबांचा गुडघा गेला. बारावीनंतर? बारावीनंतर काय, हेच. सांगताना तिचे हात थांबले नाहीत. ताट निपटायचं, पाण्यात बुडवायचं, काढायचं, रचायचं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मला ती हवी होती. मी तक्रारीवर जगणारी बाई आहे. तिनं एक शिवी दिली असती तर मी तिथंच घोषणा दिली असती.

मी विचारलं, ही भिंत कुठली, ठाऊक आहे तुला?

“व्हय की. ताईनं सांगितलंय. हितं खिडकी येनार हुती.” तिनं ओल्या हातानं कडाप्प्यावर थाप मारली, ताटं ठेवायला जागा केली आणि म्हणाली, “बरी हाय उंचीला. वाकावं लागत न्हाय.”

मी कडाप्प्याखाली हात घातला. खालची वीट अजून तशीच खरखरीत, भुसकटाच्या काड्या टोचणारी. पलीकडं पश्चिमेला, कुंपणाचा पत्रा. रान दिसत नाही. घोंगड्याचं विचारलं तर म्हणाली, ते गेलं, पहिल्या दिवशी आले तेव्हा शोधलं, न्हाय घावलं. तेवढ्यात मुकादमानं हाक मारली, कुणाला तरी बाहेर बोलवत होता, मांडवातल्या पंगतीची ताटं आणायला. “ए, जरा बाहेर या गं दोघी.” ती गेली. पायरी ओलांडून बाहेर. आत येताना आणि बाहेर जाताना तिला कुणी काही विचारलं नाही. त्या खोलीला उंबरा बसलाच नाही.

मंगलला मी घरी येऊन फोन लावला. ती नवऱ्याबरोबर पुण्याकडं असते, बांधकामावर, मोठ्या इमारतींच्या. पाठीमागं मिक्सरचा आवाज होता. मी सगळं सांगितलं. कडाप्पा, ताटं, सुमी. सुमी तिथं येते हे तिला ठाऊक होतं. मला सांगितलं नव्हतं. मी चिडले, मोठ्यानं बोलले, म्हटलं आपण पुन्हा पत्रक काढू, तुझं नाव घालू, फोटो घालू. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “तू कशाला तापतीयास. म्या हितं बी रीत पाळतीय की. आपन बांदलेल्यात आपन बसायचं न्हाय.”

ती हसली. मला हसता आलं नाही. तिचा फोन ठेवल्यावर हाताला चिखलाचा वास येतोय असं वाटलं. नव्हता येत.

मला आता परत मिळण्याची आशा नाही. कॉलेज उघडणार नाही, अण्णा पुण्याहून परतणार नाहीत, सुमन चोविसाव्या वर्षी पुस्तक उघडून पालथी पडणार नाही. पत्रकात मी ‘अन्यथा तीव्र आंदोलन’ असं लिहिते, पण इथं खोटं कशाला लिहू? फाटकाबाहेरून आम्हाला परत आत जाता आलं नाही.

पण तुम्हाला आत जाता येतं. तुम्हाला पत्रिका येतात. सोलापुरात राहत असाल तर येत्या सीझनला त्या लॉनवर तुमचं कुणाचं तरी लग्न असणारच. जा. आहेर द्या, जेवा, माझी हरकत नाही. मग तुमचं ताट तुम्ही स्वतः उचला आणि मांडवामागं जा. ते कडाप्प्यावर ठेवण्याआधी खाली हात घाला. खरखरीत लागेल. तिथंच उभे राहा आणि मोठ्यानं विचारा, मॅनेजरला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, ही खोली कुणी बांधली?

कुणी उत्तर देणार नाही. सुमनही नाही, तिला टेम्पो गाठायचा असतो. तेव्हा उत्तर तुम्ही द्या. तुम्ही हे शेवटपर्यंत वाचलंय, तुम्हाला आता ‘ठाव न्हाय’ म्हणता येणार नाही. जिनं बांधली तिचं नाव घ्या.